फक्त चित्र हाताशी असताना वेबपेज हुबेहूब कसं उभारायचं

डिझाइनची मूळ फाइल नाही, फिग्माची (डिझाइन करायच्या साधनाची) लिंक नाही, रंगांची यादी नाही. आहे ती एकच पीएनजी किंवा जेपीजी, आणि सोबत निरोप: ‘हे असंच्या असं करून द्या.’ नवखा माणूस अशा वेळी लगेच एडिटर उघडतो. पॅडिंग २० टाकून बघतो, मग २२, मग १९. बऱ्याच वेळाने पान ‘जवळपास तसंच’ दिसायला लागतं, पण नेमकं कुठे खटकतंय ते बोट ठेवून सांगता येत नाही. मग एक ठिकाण दुरुस्त केलं की दुसरं बिघडतं.

याचं कारण असं की चित्रात दिसणारं माप आणि कोडमध्ये लिहायचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रात शीर्षकाच्या वर ३४ पिक्सेल मोकळी जागा दिसते म्हणून डिझायनरने ३४ दिलेले असतीलच असं नाही. बहुधा त्याने २४ दिले आणि उरलेले दहा ओळीच्या उंचीतून आपसूक आले. त्यामुळे मोजायचं ३४, आणि शोधून काढायचं २४. सगळं काम या शोधाचं आहे; नियम सापडला की कोड लिहायला फार वेळ लागत नाही. तुम्हाला एचटीएमएल आणि सीएसएसची तोंडओळख आहे असं धरून पुढचं लिहितो.

आधी मागून बघा

सांगायला साधं आहे, पण निम्मे लोक हे करतच नाहीत. मूळ फाइल आहे का, फॉन्टचं नाव माहीत आहे का, मोबाइलसाठी वेगळं चित्र आहे का, हे तीन प्रश्न काम सुरू करण्याआधी विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तरी चौथा प्रश्न राहतोच: हे चित्र मूळ आकारातच आहे ना? मेसेजिंग ॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत लहान होतं आणि दाबलं जातं. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवलं की जसंच्या तसं येतं.

आणि चित्र जर सहाशे पिक्सेल रुंदीचं, बोटभर थंबनेल असेल, तर स्पष्ट सांगा की यातून हुबेहूब पान होणार नाही. एआय वापरून ते मोठं करता येतं, पण त्यात वाढलेले तपशील त्या साधनाने स्वतःच्या मनाने भरलेले असतात. ते मोजण्यात अर्थ नाही.

चित्र किती पट आहे ते ठरवा

मोजायला बसण्याआधी हे करायचंच. इथे चूक झाली तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो.

चित्राची रुंदी बघा. डेस्कटॉपची डिझाइनं बहुतेक वेळा १४४० रुंदीवर केलेली असतात. १२८० आणि १९२० हेही नेहमीचे. मोबाइलची ३७५ किंवा ३९०. तुमचं चित्र २८८० रुंद असेल तर ते १४४० चं दुप्पट आहे, ७८० असेल तर ३९० चं दुप्पट, ११२५ असेल तर ३७५ चं तिप्पट. अशा वेळी चित्र लहान करून घेऊ नका. मोठ्या चित्रात बारकावे जास्त असतात. त्यावरच मोजा आणि येणाऱ्या आकड्याला दोनने किंवा तीनने भागा.

रुंदी विचित्र असेल, समजा १०८०, तर आतल्या गोष्टींना साक्षीला घ्या. सगळीकडे १८, २४, ४८ अशी अंतरं मिळत असतील आणि मजकूर १२ पिक्सेलचा वाटत असेल, तर त्यांना ०.७५ ने भागून बघा: २४, ३२, ६४ आणि १६. चारही ओळखीचे आकडे. म्हणजे १४४० चं चित्र कुणीतरी पाऊण पटीला आणलंय. वेबवरचा साधा मजकूर बहुतेक वेळा १६ पिक्सेलचा असतो (ब्राउझरची मूळ साइझही तीच), आयकॉन २४ चा, रेघ एका पिक्सेलची. या तिन्हींची साक्ष जुळली की पट पक्की समजा.

मोजमापासाठी फिग्मा, पेनपॉट, फोटोपी, गिम्प यांपैकी काहीही चालेल. चित्र तळाला ठेवून लॉक करा, आठशे टक्के झूम करा आणि मोजायच्या भागावर अर्धपारदर्शक चौकोन काढा. चौकोनाची रुंदी-उंची आपोआप दिसते. स्क्रीनवर पट्टी धरल्यासारखे अंदाज नकोत.

पानाचा सांगाडा

रंग, फॉन्ट, सावल्या यांच्याकडे आत्ता बघू नका. लोगोची डावी कड, मुख्य शीर्षकाची डावी कड, पहिल्या कार्डाची डावी कड, फुटरमधल्या मजकुराची डावी कड: या चारही ठिकाणी उभी रेघ टाका. त्या एकाच रेषेत आल्या तर तो कंटेनर. १४४० च्या चित्रात डावी कड १२० वर आणि उजवी १३२० वर असेल तर कंटेनर १२०० चा. त्यात तीन कार्डं असतील आणि मधलं अंतर २४ असेल, तर प्रत्येक कार्ड (१२०० − ४८) ÷ ३, म्हणजे ३८४ चं यायला हवं. मोजून बघा. ३८४ आलं तर तीन मापं एकमेकांना दुजोरा देतात आणि तुम्हाला ३८४ हा आकडा कोडमध्ये लिहावाच लागत नाही. ग्रिडला तीन समान कॉलम आणि २४ चा गॅप दिला की तो आपला आपण येतो.

बाजूला एक कागद किंवा स्प्रेडशीट ठेवा. प्रत्येक अंतरासाठी दोन रकाने करा: मोजलेलं आणि ठरवलेलं. बहुतेक डिझायनर ४ किंवा ८ च्या पटीत अंतरं देतात, त्यामुळे ६३ किंवा ६५ मोजलं गेलं तर ठरवलेल्या रकान्यात ६४ लिहा. पण ओढूनताणून नको. तीन वेगवेगळ्या ठिकाणी ७० येत असेल तर तिथला नियमच ७० आहे. त्याला ६४ किंवा ७२ करणं म्हणजे डिझायनरला आपण शिकवायला जाणं.

कधीकधी फ्रेमवर्कच (बूटस्ट्रॅप, टेलविंडसारखा सीएसएसचा तयार संच) ओळखू येतं. मजकुराची रुंदी १२९६ भरत असेल तर बूटस्ट्रॅप ५ चा १३२० चा कंटेनर आणि दोन्ही बाजूंना १२-१२ पॅडिंग असण्याची दाट शक्यता. बटणाचा निळा रंग आरजीबीमध्ये १३, ११०, २५३ निघाला तर शंकाच नको, तो बूटस्ट्रॅपचा ठरलेला निळा आहे. ५९, १३०, २४६ निघाला तर टेलविंडच्या तिसऱ्या आवृत्तीतला. असा धागा मिळाला की त्या फ्रेमवर्कची कागदपत्रं उघडा. कोपऱ्यांची गोलाई, बटणाचं पॅडिंग, सावली हे सगळं तिथे आयतं लिहिलेलं असतं.

मजकूर: इथे घाई करू नका

पान ‘वेगळं’ दिसतं ते बहुतेक वेळा मजकुरामुळे. त्यामुळे निम्मा वेळ इथे गेला तरी हरकत नाही.

पहिला प्रश्न फॉन्ट कोणता. शीर्षकाचा तुकडा कापून व्हॉट-द-फॉन्ट किंवा फॉन्ट स्क्विरलच्या मॅचरेटरवर टाका. ही साधनं पाच-दहा नावं सुचवतात, पण निवड तुमची. रोमन अक्षरांत लहान ‘ए’ आणि लहान ‘जी’ एकमजली (एकच पोट) की दुमजली (एकावर एक दोन वळणं), मोठ्या ‘क्यू’ची शेपूट कशी, मोठ्या ‘आर’चा पाय सरळ की वळलेला, ‘आय’वरचा ठिपका गोल की चौकोनी, आणि १ चा आकडा कसा, एवढं पाहिलं तरी बहुतेक उमेदवार गळतात. देवनागरीत ‘अ’, ‘झ’, ‘ल’, ‘श’ यांच्याकडे बघा आणि शिरोरेघेची जाडी उभ्या दांड्याच्या जाडीशी ताडून घ्या. काही देवनागरी फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ पानाची भाषा मराठी जाहीर केल्यावरच उमटतात. फॉन्ट तोच असून अक्षर वेगळं दिसत असेल तर एचटीएमएलमधला भाषेचा गुणधर्म तपासा.

मूळ फॉन्ट विकतचा निघाला तर त्याच्या जवळचा मोफत पर्याय घ्या आणि तसं लेखी कळवा. गुपचूप बदलू नका.

आता साइझ. फॉन्ट-साइझ म्हणजे अक्षराची दिसणारी उंची नव्हे. अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसतं तिची ती उंची. रोबोटोमध्ये कॅपिटल अक्षर फॉन्ट-साइझच्या ०.७११ पट उंच असतं, एरियलमध्ये ०.७१६, इंटरमध्ये ०.७२७. म्हणजे रोबोटोतल्या शीर्षकाचं कॅपिटल अक्षर चित्रात ३४ पिक्सेल भरलं तर ३४ ÷ ०.७११ = ४७.८. साइझ ४८.

लहान मजकुराला ही पद्धत चालत नाही, कारण ११ आणि १२ पिक्सेलमधला फरक झूम करूनही धूसर असतो. तिथे रुंदी मोजा. एक लांब ओळ निवडा, तीच ओळ त्याच फॉन्टमध्ये १६ पिक्सेलला ब्राउझरमध्ये टाका. तुमची ओळ ५३६ पिक्सेल भरली आणि चित्रातली ६०३, तर ६०३ ÷ ५३६ = १.१२५, आणि १६ च्या १.१२५ पट म्हणजे १८. उंचीत एका पिक्सेलची चूक मोठी असते. सहाशे पिक्सेलच्या रुंदीत ती विरून जाते.

उंची जुळली पण रुंदी जुळत नाही, असं शीर्षकात पुष्कळदा होतं. तो लेटर-स्पेसिंगचा प्रकार. समजा ४८ च्या शीर्षकात २५ अक्षरं आहेत आणि तुमचं शीर्षक १२ पिक्सेल लांब निघालं. १२ भागिले २५ म्हणजे अक्षरामागे ०.४८ पिक्सेल, आणि ते ४८ चा बरोबर शंभरावा भाग. म्हणजे लेटर-स्पेसिंग उणे ०.०१ ईएम (एक ईएम म्हणजे फॉन्ट-साइझइतकं माप). मोठ्या शीर्षकात अक्षरं अशी किंचित जवळ आणणं ही डिझायनरांची नेहमीची सवय. हे मोजमाप रोमन मजकुरावर करा. देवनागरीत जोडाक्षरं आणि मात्रा यांमुळे अक्षरांची मोजणी फसवी होते, शिवाय स्पेसिंग वाढवलं तर शिरोरेघ तुटण्याची भीती.

लाइन-हाइट मोजणं सोपं आहे: एका ओळीच्या बैठकीपासून (अक्षरं ज्या रेषेवर टेकतात तिथपासून) पुढच्या ओळीच्या बैठकीपर्यंतचं अंतर. चार-पाच ओळींचं एकत्र मोजून भागलं तर अधिक अचूक. १६ चा मजकूर आणि २४ चं अंतर असेल तर लाइन-हाइट १.५.

आता सुरुवातीच्या ३४ आणि २४ कडे येतो, कारण नवखे सगळ्यात जास्त इथेच अडकतात. रोबोटो ४८ ची ओळ ५६ लाइन-हाइटवर बसवली की ब्राउझर तिच्यासाठी ५६ पिक्सेल उंचीची पट्टी राखतो. या पट्टीत कॅपिटल अक्षर मधोमध ३४ पिक्सेल व्यापतं. त्याच्या डोक्यावर साधारण दहा आणि बैठकीखाली साधारण बारा पिक्सेल मोकळे उरतात. खालची जागा ‘जी’, ‘वाय’सारख्या लोंबणाऱ्या अक्षरांसाठी असते. म्हणून शीर्षकावरच्या फोटोच्या खालच्या कडेपासून अक्षरापर्यंतची मोकळी जागाही ३४ दिसत असेल, तर त्यातले दहा पट्टीचे आणि मार्जिन २४ चं. शीर्षकाखालीही तोच हिशेब, आणि त्यात पुढच्या परिच्छेदाच्या पट्टीची वरची जागासुद्धा मिळते. त्यामुळे मजकुरालगतचं अंतर अक्षरापासून मोजून तसंच कोडमध्ये टाकलं की पान हमखास सैल दिसतं. उपाय सोपा: आधी फॉन्ट, साइझ आणि लाइन-हाइट पक्कं करा, मार्जिन शून्य ठेवून मजकूर ब्राउझरमध्ये उभा करा, आणि मग चित्राच्या तुलनेत किती कमी पडतंय ते बघा. जितकं कमी पडेल तितकं मार्जिन. गणितही करावं लागत नाही.

एक फुकटची तपासणी सांगतो. चित्रातला परिच्छेद शब्दन् शब्द टाइप करा आणि ओळी कुठे तुटतात ते बघा. सगळ्या ओळी चित्रातल्याच शब्दांवर तुटल्या तर फॉन्ट, साइझ, स्पेसिंग आणि खोक्याची रुंदी चारही बरोबर असण्याची शक्यता खूप. एकच ओळ वेगळ्या शब्दावर तुटली तर थांबा, कुठेतरी चूक आहे. ओढून बसवण्यासाठी मध्येच ब्रेकचा टॅग टाकणं हा आजारावर पांघरूण घालण्याचा प्रकार.

वजनाबद्दल, म्हणजे अक्षराच्या जाडीबद्दल, थोडं. मॅकवर मजकूर विंडोजपेक्षा किंचित जाड उमटतो, त्यामुळे ४०० आणि ५०० मध्ये गल्लत होते. एकाच पानातले दोन मजकूर एकमेकांशी ताडा: मेन्यू परिच्छेदापेक्षा जाड आहे का? हा प्रश्न ‘हे ५०० आहे का’ यापेक्षा जास्त विश्वासाचं उत्तर देतो.

रंग

जेपीजीमध्ये चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींत दाबलं जातं आणि रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळ ठेवली जाते. म्हणून कडेजवळचा रंग कधीच उचलू नका. सपाट भागाच्या मधोमध आयड्रॉपर (रंग उचलायचं टूल) ठेवा आणि पाच बाय पाचची सरासरी घ्या. पार्श्वभूमी एका जागी २४७, दुसऱ्या जागी २४९ दाखवत असेल तर २४८ धरा. एकाच ‘निळ्या’च्या सहा छटा मिळाल्या म्हणून सहा रंग लिहू नका, तो एकच निळा आहे. सगळं पान बहुधा सात-आठ रंगांत बसतं. ते सीएसएस व्हेरिएबलमध्ये एकदाच लिहा.

बारीक मजकुराचा रंग फसवतो. अक्षराच्या कडा पार्श्वभूमीत मिसळलेल्या असतात, त्यामुळे उचललेला रंग खऱ्यापेक्षा फिका येतो. त्याच रंगाचं एखादं मोठं शीर्षक असेल तर त्याच्या जाड दांड्याच्या पोटातून रंग घ्या. तसं नसेल तर अंदाजाने गडद छटा द्या आणि शेजारीशेजारी ठेवून ताडा.

मॅकच्या स्क्रीनवर कलर प्रोफाइलचा गोंधळ होतो. मॅकमधलं रंग मोजायचं ॲप ‘डिजिटल कलर मीटर’ वापरत असाल तर एसआरजीबी पर्याय निवडा. नाहीतर तो तुमच्या स्क्रीनचे आकडे देतो, चित्रातले नव्हे. त्यापेक्षा चित्र फिग्मा किंवा गिम्पमध्ये उघडून तिथलाच आयड्रॉपर वापरणं बरं.

पारदर्शकता मात्र सपाट चित्रातून ओळखता येत नाही. पांढऱ्यावर ६० टक्के काळा आणि साधा १०२, १०२, १०२ राखाडी हे दोन्ही एकसारखेच दिसतात. तोच राखाडी दुसऱ्या रंगाच्या पार्श्वभूमीवर पुन्हा आला आणि तिथे वेगळा दिसला, तरच तो पारदर्शक समजा. नाहीतर घट्ट रंग लिहा आणि पुढे चला.

सावल्या, कोपरे, ग्रेडियंट

सावली डोळ्यांनी जोखू नका. चित्राची एक प्रत घेऊन लेव्हल्समध्ये कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा, म्हणजे सावली कुठवर पसरलीय ते उघडं पडेल. स्प्रेड (सावलीचा आकार वाढवणारं माप) शून्य असेल तर सावली कडेबाहेर साधारण ब्लर (धूसरपणाचं माप) इतकी पसरते, आणि खाली सरकवलेली असेल तर ते सरकणं खाली मिळवलं जातं, वर वजा होतं. कार्डाच्या खाली ३२ आणि वर १६ पसरलेली दिसली, तर दोन्हींची सरासरी २४ हा ब्लर, आणि फरकाचा निम्मा ८ हे सरकणं. म्हणजे बॉक्स-शॅडो शून्य, ८, २४. डाव्या-उजव्या बाजूला २४ दिसली की हिशेब बरोबर. सावलीची शेवटची टोकं इतकी फिकी असतात की मोजलेला आकडा थोडा कमीच येतो. २२ आलं तर २४ समजायला हरकत नाही. जवळून गडद आणि लांबवर फिकी अशी दुहेरी सावली असेल तर दोन सावल्या एकावर एक लिहिलेल्या आहेत. त्या वेगवेगळ्या सोडवा.

कोपऱ्याची गोलाई म्हणजे सरळ कड जिथे वळायला लागते तिथपासून टोकापर्यंतचं अंतर. ४, ८, १२, १६ हे नेहमीचे. ग्रेडियंटमध्ये दोन टोकांचे आणि मधला असे तीन रंग उचला. मधला जर टोकांच्या सरासरीपेक्षा बराच वेगळा असेल तर तिसरा रंग लपलेला आहे.

फोटो आणि आयकॉन

चित्रातून फोटो कापून तोच पानात वापरायचा मोह होतो. त्यावरचा मजकूर, आच्छादन, गोल कोपरे सगळं त्याला चिकटून येतं, आणि हक्काचा प्रश्न वेगळाच. त्याच गुणोत्तराचा जागाधारक (खरा येईपर्यंतचा तात्पुरता) फोटो ठेवा, ऑब्जेक्ट-फिट कव्हर द्या आणि खरा फोटो मागवा.

आयकॉन बहुतेक वेळा एखाद्या मोफत संचातले असतात. रेघेची जाडी बघा: २४ च्या चौकटीत २ ची रेघ असेल तर फेदर, १.५ ची असेल तर हिरोआयकॉन्स आधी चाळून बघा. सापडला नाही तर फिग्मात चित्रावर पेन टूलने गिरवून एसव्हीजी काढा. पीएनजीचा तुकडा कापून लावू नका, तो दाट स्क्रीनवर धूसर दिसतो.

कोड लिहिताना

स्क्रीनशॉट दिला की कोड देणारी एआय साधनं आता भरपूर आहेत. ढाचा पटकन मिळतो, पण आकडे त्यांनी अंदाजाने टाकलेले असतात. ती वापरा, पण तुमच्या मोजमापाच्या तक्त्याशी प्रत्येक आकडा ताडून. तक्ता नसेल तर ताडणार कशाशी?

क्रम असा ठेवा: आधी ब्राउझरच्या मूळ स्टाइली शून्यावर आणा (बॉडीला ब्राउझर स्वतःहून ८ पिक्सेल मार्जिन देतो, हे विसरलं की सगळं पान सरकतं), मग व्हेरिएबल, मग कंटेनर आणि ग्रिड, मग मजकूर, आणि सावल्या-रंगरंगोटी शेवटी. चित्रात कार्ड ४१२ उंच दिसतं म्हणून हाइट ४१२ लिहू नका. ती उंची आतल्या फोटोची, मजकुराची आणि पॅडिंगची बेरीज आहे. भाग बरोबर असतील तर ४१२ आपसूक येईल, आणि नाही आली तर कुठला तरी भाग चुकलाय हे त्यातूनच कळेल. ॲब्सोल्यूट पोझिशनने गोष्टी चिकटवत बसलं तर ही सूचना मिळायची सोय राहत नाही.

चित्र पानावर ठेवून ताडा

ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये रिस्पॉन्सिव्ह मोड चालू करून रुंदी चित्राइतकी, म्हणजे १४४०, ठेवा. हे साध्या खिडकीत करू नका. विंडोजवर स्क्रोलबार साधारण १५-१७ पिक्सेल खातो आणि मधोमध असलेला कंटेनर तेवढ्याच्या निम्म्याने सरकतो.

मग तेच चित्र पानाच्या डोक्यावर ॲब्सोल्यूट थर म्हणून ठेवा: रुंदी १४४०, ओपॅसिटी ०.५, पॉइंटर-इव्हेंट्स नन. परफेक्टपिक्सेल नावाचं एक्सटेन्शन हेच काम करतं. ढोबळ चुका अर्धपारदर्शक थरात दिसतात. त्या गेल्या की ओपॅसिटी १ करून मिक्स-ब्लेंड-मोड डिफरन्स करा. जिथे चित्र आणि पान तंतोतंत सारखं, तिथे काळं. फरक असेल तिथे उजेड.

हा उजेड वाचायला शिकावं लागतं. एका जागेपासून खालचं सगळंच चमकत असेल तर घाबरू नका. वर कुठेतरी एकच अंतर चुकलंय आणि खालचं सगळं त्याच्यामागे सरकलंय. म्हणून दुरुस्ती नेहमी वरून खाली करा, प्रत्येक बदलानंतर पुन्हा बघा. अक्षरांची दुहेरी भुतं दिसली तर मजकूर सरकलाय किंवा साइझ चुकलीय. ओळीच्या सुरुवातीला जुळून शेवटाकडे फरक वाढत गेला तर साइझ किंवा स्पेसिंग. मोठा भाग मंद एकसारखा राखाडी उरला तर पार्श्वभूमीचा रंग दोन-चार अंकांनी चुकलाय. आणि अक्षरांच्या कडांना केसासारखी बारीक चमक राहिली तर सोडून द्या. वेगवेगळ्या संगणकांवर अक्षरांच्या कडा वेगवेगळ्या उमटतात, ती चमक कधीच पूर्ण जात नाही. एक-दोन पिक्सेलच्या मागे लागून लाइन-हाइट १.४८७ करणाऱ्याच्या हाती पान जुळतं, नियम मात्र सुटतो.

चित्रात जे नाही ते

चित्र एकाच रुंदीचं असतं. मोबाइलवर तीन कार्डं एकाखाली एक येणार का, मेन्यू कुठे लपणार, बटणावर माउस नेल्यावर काय होणार, फॉर्ममध्ये चूक झाली तर लाल ओळ कुठे येणार, शीर्षक दुप्पट लांब झालं तर काय, हे सगळं तुम्हालाच ठरवावं लागतं. आधी मागितलेल्या मोबाइलच्या चित्राचा उपयोग इथे होतो. ते नसेल तर सापडलेले नियमच पुढे न्या: डेस्कटॉपवर विभागांचं पॅडिंग ९६ असेल तर मोबाइलवर ४८ किंवा ६४, आणि मोठ्या शीर्षकाला क्लॅम्प (किमान-कमाल मर्यादा घालणारं सीएसएसचं फंक्शन) लावून ४८ वरून ३२ पर्यंत उतरू द्या. प्रत्येक कार्डात मुद्दाम एक लांबलचक मजकूर टाकून बघा, काही फुटतंय का.

सराव करायचा असेल तर फ्रंटएंड मेंटॉरवरची आव्हानं सोयीची आहेत. तिथे मोफत सभासदाला डिझाइन बहुतेकदा जेपीजी रूपातच मिळतं, सोबत रंग आणि फॉन्ट यांची जुजबी माहिती. म्हणजे उत्तराचा थोडा भाग हाताशी ठेवून मोजमापाचा हात बसवता येतो. दुसऱ्याच्या खऱ्या साइटची नक्कल सरावापुरती ठीक. ती स्वतःच्या नावाने प्रकाशित करू नका.

काम देताना सोबत एक छोटी टीप जोडा: कुठला फॉन्ट बदलला, कुठले फोटो जागाधारक आहेत, मोबाइल आणि होव्हरबद्दल (माउस वर नेल्यावरच्या बदलाबद्दल) काय गृहीत धरलं. चित्रातच काही दोष असेल तर तोही याच टिपेत लिहा. उदाहरणार्थ, पांढऱ्यावर १७०, १७०, १७० असा फिका राखाडी मजकूर असेल तर त्याचं कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर २.३ च्या आसपास येतं, आणि डब्ल्यूसीएजीच्या (पान सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक नियमांच्या) एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ लागतं. ११८, ११८, ११८ केलं की ते निभतं. पान चित्राप्रमाणेच द्या, टिपेत हा पर्याय सुचवा, आणि रंग व्हेरिएबलमध्ये असल्यामुळे होकार आला तर एक ओळ बदलून टाका.